गंजाच्या पोटात दडलंय काय?

पाऊस सुरू झाला की पेणच्या खारेपाटात काय किंवा रोह्याला कुंडलिकेच्या काठी काय, शेताशेतातून एकच लगबग उडते. नांगर असो नाहीतर ट्रॅक्टर, वर्षभर निपचित पडलेली माती उलटीपालटी होते. आणि मग एखाद्या तासात फाळाला 'खट्' असं काहीतरी लागतं. दगड असेल म्हणून कुणीतरी तो उचलतं आणि बांधावर भिरकावणार, तोच हाताला जाणवतं, छे, हा दगड नाही! आकाराच्या मानाने भलताच जड आहे. रंग विटकरी. अंगावर मातीचे, वाळूचे, बारीक खड्यांचे फोड आलेले. एका बाजूने काहीतरी टोकदार डोकावतंय.

दोस्तांनो, खरं खरं सांगा हं. असा गोळा तुमच्या हाती आला तर तुम्ही काय कराल? काहीजण तो दगडावर आपटून बघतील, आत काय आहे म्हणून. काहीजण मोरीत नेऊन घासणीने खसाखसा घासतील. आणि एखादा हुशार म्हणेल, "त्यात काय, लिंबू पिळा, गंज निघतो!"

थांबा! दोनशे-तीनशे वर्षं जमिनीत तग धरून राहिलेली वस्तू अशीच एका दुपारी मोरीत मरते. आणि ती कशाची होती, कुणाची होती, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

या मुलखात एवढं लोखंड आलं कुठून?

पेण म्हटलं की आपल्याला आठवतात गणपती, पोहे आणि पापड. पण पेणजवळच्या अंतोरा बंदरात एके काळी गलबतं लागायची, भरतीबरोबर माल आत यायचा. गलबत आलं की खिळे आले, साखळ्या आल्या, नांगर आले. शेतीचा नांगर नव्हे, गलबताचा! आजूबाजूला मिठागरं, भातखाचरं, बैलगाड्या. रोह्याकडे वळलात तर डोंगरांच्या माथ्यावर किल्लेच किल्ले. मेढे गावावरून अवचितगडाची वाट वर चढते. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या खांब गावाजवळ सुरगड आहे. पलीकडे घोसाळगड. मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी, पोर्तुगीज, आंग्रे आणि शेवटी इंग्रज, अशा सगळ्यांची ये-जा या पट्ट्यात झाली. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला उंबरखिंडीत कोंडीत पकडलं, ती खिंडही याच रायगड जिल्ह्यात.

म्हणून काय तुमच्या शेतात तलवारच निघेल असं समजू नका बरं का! लढाई एखाद्या दिवसाची असते, शेती रोजची. जमिनीत सापडणारं लोखंड बहुतेक वेळा अगदी साध्या माणसांचं असतं. विळा, कोयता, कुऱ्हाडीचं पातं, नांगराचा फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव, दाराची कडी, बिजागरी आणि खिळे. खिळे तर किती, त्याची गणतीच नाही. पण ज्या लोहाराने तो खिळा ठोकला त्याचं नाव कुठल्याच बखरीत नाही. त्याने मागे ठेवलेली वस्तू तेवढी ही एक.

गंज म्हणजे नुसती घाण नव्हे

लोखंडाला पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाला की गंज धरतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पण जमिनीत काय होतं ते जरा नीट बघू या, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

लोखंड मातीत पडलं की त्याच्या पृष्ठभागापासून गंजायला लागतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो फुगतो आणि फुगताना शेजारची माती, वाळू, खडे, कोळशाचा कण, भाताचं तूस, जे मिळेल ते पोटात ओढून घेतो. म्हणून वस्तूवर तो बेढब फोडासारखा थर दिसतो. त्याच्या आत साधारणपणे गडद, काळसर, घट्ट असा दुसरा थर असतो आणि अगदी मध्ये, उरलंच असेल तर, थोडं लोखंड.

आता सांगा, वस्तूचा मूळ आकार यापैकी कुठे आहे? आतल्या चकचकीत लोखंडात? अजिबात नाही! ते तर गंजून गंजून बारीक झालेलं. मूळ पातं जिथपर्यंत होतं, ती रेघ गंजाच्या थरांमध्येच असते. बाहेरचा मातीचा फोड आणि आतला काळा थर जिथे भेटतात, साधारण तिथे. म्हणजे 'सगळा गंज काढू आणि चकाचक करू' असं म्हणून जो घासत सुटतो, तो वस्तूवरची घाण नाही, वस्तूच घासून टाकत असतो. पात्याची धार, लोहाराने मारलेली खूण, मुठीच्या लाकडाचा ठसा, सगळं त्या गंजाबरोबर मोरीतून वाहून जातं. हो, लाकडाचा ठसासुद्धा! लाकूड कुजतं, पण कुजण्याआधी शेजारच्या लोखंडाचा गंज त्याच्या धाग्याधाग्यांत शिरतो. मग लाकूड संपलं तरी त्याची नक्षी गंजात राहते.

आपल्या कोकणात या सगळ्यात आणखी एक खलनायक आहे. मीठ! एक तर पाऊस धो धो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. त्यात खाडीचं खारं पाणी, खारी जमीन, खारा वारा. मिठातला क्लोराइड नावाचा घटक गंजाच्या आत शिरून बसतो. वस्तू जमिनीत असते तोवर तिथे हवा कमी, म्हणून सगळं संथ चालतं. ती बाहेर काढली रे काढली, की हवा आणि दमटपणा मिळतो आणि आत बसलेलं मीठ जोमाने कामाला लागतं. वस्तूवर नारिंगी रंगाचे थेंब जमतात, पापुद्रे सुटतात, भेगा पडतात. जणू लोखंड रडतंय! चार महिन्यांत कोयत्याचा भुगा होऊ शकतो.

इंग्लंडमधलं उदाहरण सांगते. 'मेरी रोझ' नावाचं लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्याबरोबर हजाराहून जास्त बिडाचे तोफगोळे मिळाले. शेकडो वर्षं समुद्राच्या तळाशी ते टिकले होते, पण वर आल्यावर त्यातले काही तडकू लागले. त्यांना कसं वाचवायचं यावर शास्त्रज्ञ अजूनही डोकं खाजवताहेत.

"मग दिल्लीचा लोहस्तंभ का नाही गंजत?" असं कुणीतरी नक्की विचारणार. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे. त्यामुळे वर एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तो आतल्या लोखंडाचं रक्षण करतो. शिवाय दिल्लीची हवा बऱ्यापैकी कोरडी. तोच स्तंभ पेणच्या मिठागरात पुरला असता तर काय झालं असतं, देव जाणे!

आधी ओळख, मग अंघोळ

गंजलेली वस्तू ओळखायची कशी? पहिलं साधन म्हणजे लोहचुंबक. चिकटला तर लोखंड. मात्र पूर्ण गंजलेल्या वस्तूला चुंबक जेमतेम ओढतो किंवा ओढतही नाही, तेव्हा लगेच 'नापास' करू नका. वस्तूवर हिरवट थर असेल तर तांबं, पितळ किंवा कासं. मऊ, जड आणि पांढुरक्या सालीची गोळी असेल तर शिसं. जुन्या बंदुकीच्या गोळ्या अशा शिशाच्या असत, गोल गरगरीत. त्या हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवायचे, कारण शिसं विषारी असतं.

खिळा सापडला तर त्याचा काप बघा. हल्ली दुकानात मिळणारा खिळा तारेपासून यंत्रावर बनतो, म्हणून तो गोल असतो आणि त्याचं डोकं सपाट चकतीसारखं असतं. लोहाराने ऐरणीवर ठोकलेला खिळा चौकोनी असतो, टोकाकडे निमुळता होत जातो आणि डोक्यावर हातोडीचे चार-पाच चपटे घाव दिसतात. एकही दुसऱ्यासारखा नसतो. तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे जगभर पसरले. त्यामुळे चौकोनी खिळा दिसला की वस्तू जुनी असण्याची शक्यता वाढते. शक्यता म्हणते आहे, खात्री नाही. गावातले लोहार नंतरही कितीतरी वर्षं चौकोनी खिळे ठोकत होते.

नाल सापडला? मग तो कुणाच्या पायातला ते बघा. घोड्याचं खूर एकसंध, म्हणून त्याचा नाल चंद्रकोरीसारखा एकच. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून त्याच्या एका पायाला दोन छोट्या पत्र्या लागतात आणि प्रत्येक पत्री दिसते स्वल्पविरामासारखी! कितीतरी जण ही पत्री हातात घेऊन 'वाघनखाचा तुकडा' म्हणून मिरवतात. बैल बिचारा हसत असेल.

एक फसवा पाहुणाही आहे. काळा, जड, बुडबुड्यांची भोकं पडलेला, वितळून थिजल्यासारखा दगड. बरेच जण त्याला उल्का समजतात. बहुतेक वेळा तो असतो लोखंडाचा मळ, म्हणजे भट्टीत लोखंड तापवताना निघालेली कीट. आयुर्वेदात तिला 'मंडूर' म्हणतात आणि औषधासाठी मंडूर जितका जुना तितका चांगला, शंभर वर्षांचा सगळ्यात उत्तम, असं जुन्या वैद्यांचं म्हणणं. असे गोळे एकाच जागी पुष्कळ मिळाले तर समजा, इथे कधीकाळी लोहाराचा भाता फुसफुसत होता.

तोफांच्या बाबतीत मात्र थोडं वाचन करावं लागतं. इंग्रजी तोफेवर कधी कधी १२-२-१४ असे तीन आकडे कोरलेले असतात. पुष्कळांना ती तारीख वाटते. पण ते असतं वजन! पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या पाव भागांचा, २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. करा बघू हिशेब. १२ गुणिले ११२, अधिक ५६, अधिक १४, म्हणजे १,४१४ पौंड. साधारण ६४१ किलो! अलिबागला ओहोटीच्या वेळी चालत कुलाबा किल्ल्यात गेलात तर तिथल्या गाड्यावरच्या दोन तोफांवर कारखान्याचं नावच वाचायला मिळतं. डाउसन हार्डी फील्ड, लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर. म्हणजे तोफ आपल्या समुद्रावर, पण जन्म इंग्लंडातला. जाड काळा रंग फासून तोफा 'नव्या' करण्याचा उत्साह काही ठिकाणी दिसतो. हेतू चांगला असतो, पण असे आकडे आणि नावं त्या रंगाखाली बुजतात. ते बघून मला तरी वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. लोखंडी गोळा सापडला आणि त्याला भोक असेल किंवा तो आकाराच्या मानाने हलका वाटला, तर तो पोकळ असू शकतो आणि आत दारू असू शकते. पितळी नळी, बाँबसारखी वस्तू, काहीही संशयास्पद दिसलं तर हात लावायचा नाही, हलवायचं नाही. मोठ्यांना सांगायचं आणि पोलिसांना कळवायचं.

धातू हुडकणारी थाळी

जमिनीतली धातू शोधायचं यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, तुम्ही रेल्वे स्टेशनवर किंवा मोठ्या देवळाच्या दारात पाहिला असेल. शेतात फिरवायच्या यंत्राला काठीच्या टोकाशी एक चपटी थाळी असते. तिच्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज सोडतात. त्यामुळे थाळीभोवती अदृश्य चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जमिनीत धातू असेल तर त्या धातूत विजेचे छोटे छोटे भोवरे फिरू लागतात. त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं. थाळीला त्याची चाहूल लागते आणि यंत्र 'पीं' करून ओरडतं.

टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली असंच एक यंत्र घाईघाईने तयार केलं होतं. कशासाठी? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात कुठे रुतली ते डॉक्टरांना सापडत नव्हतं. बेल यंत्र घेऊन गेले, पण गोळी काही मिळाली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राला गोंधळात टाकलं, असं सांगतात.

आपल्या मातीतही या यंत्राचा गोंधळ उडतो बरं का! सह्याद्रीच्या काळ्या कातळात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. नदीच्या किंवा समुद्राच्या वाळूत लोहचुंबक फिरवून बघा, काळे बारीक कण त्याला दाढीसारखे लटकतील. हे कण यंत्रालाही चाळवतात आणि काहीच नसताना ते 'पीं पीं' करत सुटतं. शिवाय यंत्राला जुनं-नवं कळत नाही. शिवराई आणि सोड्याच्या बाटलीचं झाकण, दोन्हींवर ते सारख्याच उत्साहाने ओरडतं.

वस्तूपेक्षा जागा बोलते

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि त्यासाठी आपल्याला कोकणातून थेट विदर्भात जायला हवं. नागपूरजवळ माहूरझरी नावाचं गाव आहे. तिथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांना पुरून वर दगडांची मोठमोठी वर्तुळं रचली होती. ती उत्खनन करून उघडली, तेव्हा गंजलेल्या लोखंडाच्या पुष्कळ वस्तू मिळाल्या. त्यातल्या काही वस्तू घोड्याच्या हाडांसोबत होत्या आणि तिथेच घोड्याच्या चेहऱ्यावरचे तांब्याचे दागिनेही होते. म्हणून कळलं की हे लोखंड म्हणजे घोड्याच्या तोंडातला लगाम! शेजारच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली.

समजा, कुणीतरी रात्री मेटल डिटेक्टर घेऊन तिथे गेला असता आणि 'पीं' झाल्याबरोबर खड्डा करून तेवढं लोखंड उपटून आणलं असतं. त्याच्या हाती काय आलं असतं? एक गंजकी, वाकडी सळई. घोडा तिथेच राहिला असता, दागिने तिथेच, माणूस तिथेच आणि अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भात लोक घोडे सजवायचे ही गोष्टही तिथेच. किती खोलीवर, कशाच्या शेजारी, कुठल्या रंगाच्या मातीत वस्तू होती, हे एकदा विस्कटलं की पुन्हा जुळवता येत नाही. दगडावर निदान तारीख तरी कोरता येते. अवचितगडाच्या बुरुजावर शके १७१८, म्हणजे इसवी सन १७९६ चा शिलालेख आहे. लोखंडाच्या विळ्यावर कोण तारीख घालणार? त्याची तारीख म्हणजे त्याच्या आजूबाजूची माती.

२०२५ च्या मार्चमध्ये काय झालं ठाऊक आहे? 'छावा' चित्रपट आला, त्यात बऱ्हाणपूरचा मोगलांचा खजिना दाखवला होता. झालं! आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बऱ्हाणपूरजवळ, असीरगडच्या आसपासच्या शेतांत रात्रीच्या रात्री लोक टॉर्च, कुदळी, चाळण्या घेऊन खणत सुटले. काहींच्या हाती मेटल डिटेक्टरही होते. शेतांत खड्डेच खड्डे. शेवटी पोलिसांना यावं लागलं.

याच्या उलट रायगडावर बघा. तिथे पुरातत्त्व खात्याने रीतसर उत्खनन केलं. माती थराथराने काढली, ब्रशने झाडली, प्रत्येक गोष्ट नोंदवली. त्यातच २०२१ च्या एप्रिलमध्ये सोन्याची एक जुनी बांगडी मिळाली. ती कुठल्या वाड्याच्या, कुठल्या थरात होती हे नोंदलेलं आहे, म्हणून ती नुसतं सोनं नाही, रायगडाचा एक पुरावा आहे.

कायदाही हेच सांगतो. संरक्षित किल्ल्यावर किंवा लेण्यांपाशी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे, मग हातात यंत्र असो की खुरपं. आणि किल्ला संरक्षित यादीत नसला, तरी तिथे खणायचं नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! त्या काळी ती मोठी रक्कम होती. तुमच्या स्वतःच्या शेतात सापडलं तरी हाच नियम. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुराणवस्तू ठरते. तेव्हा पेण-रोह्याच्या मुलांनी आपल्या शिक्षकांना, तलाठ्यांना किंवा तहसीलदार कचेरीत सांगायचं. तिथून ते अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातं.

वस्तूंचा दवाखाना

मोठ्या संग्रहालयांत अशा वस्तूंसाठी दवाखानेच असतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं संवर्धन केंद्र आहे. तिथले डॉक्टर म्हणजे संवर्धक. लोखंडी वस्तू आली की ते आधी चारही बाजूंनी तिचे फोटो काढतात, वजन करतात, जमल्यास क्ष-किरण चित्र घेतात. तुमचा हात मोडल्यावर काढतात ना, तसंच! गंजाचा ओबडधोबड गोळा क्ष-किरणात बघितला की आत चक्क कट्यारीचं पातं किंवा कुलपाची कळ स्पष्ट दिसते. कधी कधी गंज फोडायची गरजच पडत नाही.

मग भिंगाखाली, बारीक सुरीने, दातांच्या डॉक्टरांकडे असतात तसल्या हत्यारांनी, बाहेरचा मातीचा फोड कणाकणाने काढायचा. काळ्या थरापाशी थांबायचं. त्यानंतर आत मुरलेलं मीठ बाहेर ओढण्यासाठी वस्तूला खास क्षारांच्या पाण्यात बुडवून ठेवतात. एक दिवस नाही, कित्येक महिने! पाणी बदलत राहायचं आणि त्यात उतरलेलं क्लोराइड मोजत राहायचं. ते उतरायचं थांबलं की वस्तू वाळवून तिच्यावर टॅनिक आम्लाचा हात देतात. त्याने लोखंड निळसर काळं होतं आणि गंजाचा जोर मंदावतो. सगळ्यात वर पातळ मेण. मग कोरड्या कपाटात मुक्काम.

हे टॅनिक आम्ल ज्या टॅनिन गटातलं, ते टॅनिन आपल्या ओळखीच्या एका फळात भरपूर असतं. हिरडा! आजीच्या औषधाच्या डब्यातला. सह्याद्रीतला हिरडा चामडी कमावण्यासाठी परदेशीसुद्धा जायचा. आणि जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचाच एक क्षार, यांच्यापासून काळी शाई करत.

ही गंमत तुम्हाला घरीच बघता येईल. पाच-सहा हिरडे कुटून दोन भांडी पाण्यात मोठ्यांच्या मदतीने उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. बाजारातला आजकालचाच एखादा गंजलेला खिळा घ्या, सुटा गंज झाडून टाका आणि रात्रभर त्या पाण्यात ठेवा. सकाळी खिळा काळानिळा झालेला असेल आणि पाण्याची शाई झालेली असेल. हिरडा नाही मिळाला तर कडक कोरा चहा वापरा. सापडलेल्या जुन्या वस्तूवर मात्र हा प्रयोग करायचा नाही. आतलं मीठ काढल्याशिवाय वरून रंग चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधण्यासारखं आहे.

दुसरा प्रयोग याहून सोपा. तीन नवे खिळे घ्या. एक कोरड्या बाटलीत, एक साध्या पाण्यात अर्धा बुडवून, एक मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून. आठवडाभर रोज बघा आणि वहीत चित्र काढा. मग खारेपाटातला कोयता आणि घाटावरचा कोयता यांच्यात फरक का, ते कळेल.

वस्तू हाती आलीच तर

नांगरताना किंवा घराचा पाया खणताना वस्तू आपणहून वर आली असेल, तर ती होती त्या जागेचा आधी फोटो काढा. शेजारी पट्टी किंवा पेन्सिल ठेवा, म्हणजे आकार कळेल. खोली मोजा. आसपास खापराचे तुकडे, कोळसा, विटा दिसतात का ते लिहा. खड्डा वाढवत बसू नका. वस्तू दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, टोकाला धरून नाही. धुवायची नाही, उन्हात तापवायची नाही, तेल लावायचं नाही. लिंबू, चिंच, मोरीची ॲसिडं यांचं तर नावच काढू नका. चिंचेने आईचा तांब्या लखलखतो हे खरं, पण त्याच चिंचेने तांब्याच्या शिवराईवरची अक्षरंही झिजतात. फार तर सुटी माती मऊ, कोरड्या ब्रशने झाडा. माती चिकटून बसली असेल तर तिला तिथेच राहू द्या.

हाताला कापलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. गंजामुळे धनुर्वात होतो असं म्हणतात ते तितकंसं खरं नाही. धनुर्वाताचे जंतू असतात मातीत आणि शेणात. गंजलेली वस्तू नेमकी मातीतली असते आणि जखम खोल करते, म्हणून तिला नाव पडलं. इंजेक्शन मात्र चुकत नाही!

आणि घरच्या माळ्यावरचा पणजोबांचा कोयता किंवा अडकित्ता असेल, जो जमिनीत कधी गेलाच नाही, तर गोष्ट थोडी वेगळी. आधी घरच्यांना विचारा. कोरड्या फडक्याने पुसा, अगदी बारीक थर मशीनच्या तेलाचा द्या आणि दमट भिंतीपासून दूर ठेवा. धार मोठ्यांनाच हाताळू द्या.

सापडलेली वस्तू कुणी जाणकार येऊन बघेपर्यंत प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, जुन्या सुती कापडावर ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात 'खाऊ नये' असं लिहिलेल्या दमटपणा शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या दोन-चार डब्यात टाका. धाकटी भावंडं त्या तोंडात घालणार नाहीत याकडे लक्ष द्या. आणि डब्यात एक चिठ्ठी हवीच. गाव, शेताचं नाव किंवा गट नंबर, खोली, तारीख, कुणाला सापडली, तेव्हा काय काम चाललं होतं. पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात शाई फुटते, पेन्सिल फुटत नाही.